जुन्या माझदा एमएक्स-५ ला मोठे ब्रेक: १.६ च्या गाडीवर १.८ चे ब्रेक कसे बसवावेत

महाराष्ट्रात माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा ट्रक किंवा शाळेची मिनीबस डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो त्याच जपानी कंपनीच्या १९८९ सालच्या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीचा. ब्रिटनमध्ये ही एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर. भारतात ती कंपनीने कधी विकली नाही. त्यामुळे हा लेख मुख्यतः परदेशात राहणाऱ्या, जुनी एमएक्स-५ नुकतीच घेतलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी पान्हा हातात धरायची तयारी असलेल्या मराठी वाचकांसाठी आहे.

पहिल्या पिढीच्या गाडीला सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन होतं. पुढे १.८ आलं आणि त्याबरोबर कंपनीने ब्रेकच्या डिस्कही (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) मोठ्या केल्या. मात्र चाकामागचा नकल (चाक आणि ब्रेक ज्याला जोडलेले असतात तो लोखंडी भाग) आणि त्यावर कॅलिपरचं ब्रॅकेट पकडणारी भोकं तशीच ठेवली. म्हणून १.८ चे ब्रॅकेट आणि डिस्क १.६ वर फारशी कापाकापी न करता बसतात, आणि कॅलिपर (पॅड, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, डिस्कवर दाबणारे भाग) तुमचेच राहतात.

१. आधी ठरवा, मोठे ब्रेक कशासाठी हवेत?

गाडी थांबवतात ते टायर. आजच्या तुमच्या ब्रेकवर पेडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत (फिरायची थांबून घसरत) असतील, तर डिस्क कितीही मोठी बसवली तरी पहिल्या दाबाला गाडी आधीपेक्षा लवकर थांबणार नाही. मोठ्या डिस्कचा उपयोग होतो तो दहाव्या, पंधराव्या दाबाला. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर एकामागून एक ब्रेक लागतात, तेव्हा.

हिशेब सोपा आहे. माणसासकट हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ३८५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्यात २५ अंशांचं जवळपास सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता चार डिस्कमध्ये जाते आणि त्यातली मोठी वाटणी पुढच्या दोघींच्या वाट्याला येते. डिस्कमध्ये लोखंड जास्त असलं की तीच उष्णता तिला कमी तापवते. शिवाय पॅड मध्यापासून लांब पकडत असल्यामुळे त्याच दाबात सुमारे दहा टक्के जास्त पकड मिळते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: चांगले टायर, मग नवं ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड, मग तीस वर्षं जुन्या रबरी नळ्या, आणि शेवटी डिस्क. अनेकांचं समाधान दुसऱ्या टप्प्यातच होतं. अडकलेली स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) आणि काळं पडलेलं तेल तसंच ठेवून वर मोठी डिस्क बसवणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं.

२. मापं नीट समजून घ्या

मूळ १.६ च्या गाडीवर पुढची डिस्क २३५ मिमी आणि मागची २३१ मिमी व्यासाची असते. १.८ वर पुढे २५५ आणि मागे २५१. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९८ ते २००५ दरम्यानच्या साध्या गाड्यांनाही हीच २५५/२५१ ची जोडी आहे, त्यामुळे भंगारच्या यार्डात शोधताना त्या गाड्याही बघा. २००१ पासून काही गाड्यांना याहून मोठे, ‘स्पोर्ट’ नावाने ओळखले जाणारे ब्रेक आले: पुढे २७०, मागे २७६ मिमी.

स्पोर्टचे ब्रेक मोहात पाडतात, पण त्यांना किमान १५ इंची रिम लागते आणि कॅलिपरसकट पूर्ण संचच घ्यावा लागतो. मूळ १४ इंची रिम ठेवायची असेल तर १.८ चा संच हीच मर्यादा. बाहेरून घेतलेली रिम असेल, तर १४ इंची असूनही आतून कॅलिपरला घासू शकते. एक पुढचं चाक काढून, नवीन ब्रॅकेट-डिस्क तात्पुरती बसवून, चाक हाताने फिरवून पाहा. ही तपासणी सामान परत करण्याची मुदत संपण्याआधी करा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: फक्त पुढचे ब्रेक मोठे करू नका. पुढे पकड वाढली आणि मागे तेवढीच राहिली की पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागच्या टायरांची ताकद वापरलीच जात नाही आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. १.८ चा संच चारही चाकांना बसवला की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जवळपास कंपनीने ठेवला होता तसाच राहतो. या संचाचा खरा फायदा हाच.

३. सामान आणि हत्यारं

भाग:
- १.८ चे पुढचे ब्रॅकेट दोन, मागचे दोन (जुने चालतील, तडा गेलेले किंवा आटे गेलेले नकोत)
- पुढच्या २५५ मिमीच्या डिस्क दोन, मागच्या २५१ मिमीच्या दोन (कायम नव्या घ्या)
- १.८ चे पुढचे आणि मागचे पॅड, क्लिपांसकट
- स्लाइड पिनांची रबरी बुटं
- डॉट ४ ब्रेक ऑइल, एक लिटर, सीलबंद
- हव्या असल्यास चार नव्या लवचीक नळ्या
- ब्रेक क्लीनरचे दोन मोठे कॅन आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस

हत्यारं: जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायची उटी (गाडी घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे), मिमीचे सॉकेट आणि रिंग पान्हे (१४ आणि १७ सर्वांत जास्त लागतात), ४ मिमीची ॲलन की, नळीच्या नटासाठी फ्लेअर नट पान्हा (नटाला जवळपास सगळ्या बाजूंनी पकडणारा), टॉर्क पान्हा (ठरावीक जोरानेच घट्ट करू देणारा), तारेचा ब्रश, जाड तार, पारदर्शक प्लास्टिक नळी आणि बाटली.

पॅड मागवताना सगळ्यात जास्त चूक होते. दुकानाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की ते १.६ चे पॅड पाठवतं, आणि १.८ च्या ब्रॅकेटमध्ये ते नीट बसत नाहीत. ‘१.८, स्पोर्ट नसलेली’ असंच मागवा. पुढच्या वेळी पॅड बदलणारा तुम्हीच असाल असं नाही, म्हणून गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ब्रेक १.८ चे.

डिस्क साधी घ्या. भोकांच्या डिस्क फोटोत छान दिसतात, पण सतत तापल्या-निवल्या की भोकांच्या कडेपासून केसासारखे तडे सुरू होतात, आणि भोकं पाडताना उष्णता पिणारं लोखंडच कमी झालेलं असतं. रस्त्यावरच्या गाडीला ट्रॅकचे पॅडही नकोत. थंड असताना ते पकडत नाहीत, किंचाळतात, आणि त्यांची पूड रिमच्या रंगाला चिकटून बसते.

४. कागदपत्रं

ब्रिटनमध्ये असाल तर विमा कंपनीला बदल आधी कळवा आणि तिचं लेखी उत्तर जपून ठेवा. न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतो. वार्षिक एमओटी तपासणीत ब्रेक रोलरवर मोजले जातात. डाव्या-उजव्या चाकाच्या आकड्यांत मोठा फरक आला तर कुठेतरी पिन अडकली आहे असं समजा. जर्मनीत काम सुरू करण्यापूर्वीच ट्यूफच्या (गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासनिसाला भेटा. बदल कंपनीच्याच भागांचा असला तरी तो नोंदवावा लागेल का आणि कोणती कागदं लागतील, हे त्याच्याकडूनच ऐकलेलं बरं. सगळीकडेच भागांच्या पावत्या, भाग क्रमांक आणि बसवतानाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा.

५. गाडी उचलणं आणि उघडणं

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी लावा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पुढची दोन चाकं आधी करा. त्या वेळी मागच्या चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली किंवा चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही, स्टँड लागल्यावरच घालायचा.

चाक काढल्यावर ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये काय असेल सांगता येत नाही. क्लीनर फवारून ओली करून पुसा.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा, पॅड काढा, मग कॅलिपर सोडवून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. नळीवर लोंबकळत ठेवला तर रबर आतून फाटतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आता ब्रॅकेटचे दोन बोल्ट सोडवा. ते हट्टी असतात, त्यामुळे आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवा आणि सहा बाजूंचाच सॉकेट वापरा. बारा बाजूंचा सॉकेट बोल्टचं डोकं गोल करतो.

डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) गंजून चिकटलेली असेल तर हबच्या बाजूला, स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या दांड्यांच्या) मधे रबरी हातोड्याने ठोका. डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट पिळून ती ढकलता येते. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे पिळा.

६. पुढचे ब्रेक बसवणं

इथे वेळ घालवायचा तो हबच्या चेहऱ्यावर. तारेच्या ब्रशने तो चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाचा एक कण जरी डिस्कमागे राहिला तरी कडेला डिस्क डोलते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टीअरिंग थरथरू लागतं. मग ‘डिस्क वाकली’ असं म्हणून लोक ती फेकतात. लोखंडाची डिस्क अशी सहज वाकत नाही. बहुतेक वेळा हा गंज तरी असतो किंवा डिस्कवर पॅडचा थर ठिकठिकाणी कमी-जास्त चिकटलेला असतो.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डिस्क बसवून दोन नटांनी तात्पुरती दाबून ठेवा. डिस्कच्या मागचा, धूळ अडवणारा पत्रा मोठ्या डिस्कला घासत असेल तर तो हाताने वाकवा, नाहीतर कात्रीने कड छाटा. हात फिरवून खात्री करा, कारण नंतर ऐकू येणारा घासण्याचा बारीक आवाज जवळपास नेहमी याच पत्र्याचा असतो.

ब्रॅकेट बसवा. बोल्टचे आटे आधी साफ करा आणि टॉर्क गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार द्या. ‘हाताला घट्ट वाटलं’ हे इथे चालत नाही. स्लाइड पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसा, ब्रेकचंच ग्रीस पातळ थरात लावा आणि पिन बोटाने आतबाहेर सरकते हे बघा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतं आणि पिन अडकते. मग एकच पॅड झिजत राहतो.

कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला दाबणारा गोल भाग) आत ढकलताना जुना पॅड मधे ठेवून जी-क्लॅम्प लावा. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं तेल काढून घ्या, नाहीतर ते वरून सांडेल. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

७. मागचे ब्रेक: इथे घाई नको

नवख्यांचं काम अडतं ते इथे. एमएक्स-५ चा हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच चालतो, त्यामुळे मागचा पिस्टन क्लॅम्पने आत जात नाही. जोर केलात तर आतली यंत्रणा मोडते आणि कॅलिपर नवा घ्यावा लागतो.

योग्य पद्धत अशी. पुढच्या चाकांना उटी लावा आणि हँडब्रेक पूर्ण सोडा. कॅलिपरच्या मागे एक छोटा झाकण-बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिमीच्या ॲलन कीचं तोंड दिसेल. की घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन आत जातो. पूर्ण आत गेल्यावर कॅलिपर सोडवा आणि पुढच्याप्रमाणेच ब्रॅकेट, डिस्क, पॅड बसवा. पॅडमधल्या तारेच्या स्प्रिंगा विसरू नका.

सगळं बसल्यावर की घड्याळाच्या दिशेने फिरवा. पॅड डिस्कला टेकले आणि डिस्क हाताने फिरेनाशी झाली की थांबा, आणि तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. डिस्क मोकळी फिरली पाहिजे. झाकण-बोल्ट परत लावा.

हे सेटिंग न करता लोक थेट हँडब्रेकची केबल ताणतात. परिणाम उलटा होतो: कॅलिपरचा लिव्हर कायम अर्धा ओढलेला राहतो, स्वयंचलित सेटिंग चालत नाही, पेडल खोल जातं आणि मागचे ब्रेक तापत राहतात. आधी कॅलिपर, मग केबल. केबलचं सेटिंग आतून, हँडब्रेकच्या दांडीच्या बुडाशी आहे. दांडी पाच ते सात ‘टक’ वर धरली पाहिजे.

८. नळ्या, तेल आणि हवा काढणं

फक्त ब्रॅकेट आणि डिस्क बदलल्या असतील तर तेलाचा मार्ग उघडलेलाच नसतो. तरी तेल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाण्याबरोबर त्याचा उकळबिंदू घसरतो: डॉट ४ साठी नवं असताना किमान २३०, पाणी शोषलेल्या अवस्थेत किमान १५५ अंश सेल्सिअस. कॅलिपरमध्ये तेल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल जमिनीला टेकतं. डॉट ५.१ चालेल. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं तेल आहे. नावं जवळची असली तरी ते यात मिसळू नका.

नळी बदलताना लोखंडी पाइपाचा नट फ्लेअर नट पान्ह्यानेच सोडवा. साधा पान्हा मऊ नट गोल करतो आणि मग पूर्ण पाइपच बदलावा लागतो. नळी बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा: नळी ताणली जाऊ नये, टायरला लागू नये, पिळलेली नसावी.

हवा काढण्याचा क्रम: मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर तेल नळ्यांत ढकलतो तो) सगळ्यात लांबचं चाक आधी. ब्रिटनसारख्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. अमेरिकेच्या गाडीत डाव्या-उजव्याची अदलाबदल. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू) पाव फेरा सोडायचं, बंद झाल्यावरच पेडल वर. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत चालू ठेवा. दर चार-पाच दाबांनी टाकीत तेल बघा. टाकी कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज असतो. पेडल पार खाली दाबलं की सील त्यावर घासून फाटतं, आणि ब्रेकचं काम करता करता मास्टर सिलिंडर हातचा जातो.

९. पहिली फेरी आणि पॅड मुरवणं

चाकं लावा, नट ताऱ्याच्या क्रमाने ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान घट्ट करा. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या एक-दोन दाबांत ते खाली जातंच, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेले नसतात. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकणारे थेट गॅरेजच्या भिंतीत जातात.

मोकळ्या रस्त्यावर आधी हळू वेगात ब्रेक तपासा. मग ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मधे थोडं अंतर चालवून. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. गरम पॅडचा ठसा डिस्कवर त्याच जागी बसतो आणि वर सांगितलेली थरथर सुरू होते. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

१०. काहीतरी बिनसलं तर

पेडल मऊ: हवा राहिली आहे, किंवा नवा घेतलेला कॅलिपर डावा-उजवा उलटा बसलाय. निपल नेहमी वरच्या बाजूला हवं. खाली असेल तर हवा वरच अडकते, लिटरभर तेल ओतलं तरी निघत नाही.

पेडल कडक, पण खोल: मागच्या कॅलिपरचं सेटिंग पुन्हा करा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

गाडी एका बाजूला ओढते: त्याच्या विरुद्ध बाजूच्या चाकाची स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकलेला असू शकतो. डिस्कवर तेलाचा हात लागला असेल तर तेही तपासा. तेल प्यायलेला पॅड साफ होत नाही, जोडी बदला.

एक चाक हाताला इतरांपेक्षा खूप गरम: हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली आहे, किंवा जुनी रबरी नळी आतून सुजून तेल परत येऊ देत नाही. निपल क्षणभर सोडल्यावर चाक मोकळं झालं, तर दोष नळीचा.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्ह्याने तपासा, निपल आणि नळ्यांच्या जोडांवर बोट फिरवून ओल आहे का बघा, आणि हँडब्रेकचे ‘टक’ मोजा. १.६ चे जुने ब्रॅकेट फेकू नका. पुढे गाडी मूळ रूपात विकत घेऊ इच्छिणारा कुणी भेटला तर तो तेच आधी विचारेल.